बंदरात उभं जहाज

पत्र: मावशी, माझं वय २९, राहणार परळ. २०२१ च्या लॉकडाऊनमध्ये मी आणि दादाने मास इफेक्ट या अंतराळातल्या व्हिडिओ गेमचे तिन्ही भाग एकत्र असलेली लेजंडरी एडिशन घेतली. कंट्रोलर माझ्या हातात आणि कोणाला काय उत्तर द्यायचं ते ठरवणार दादा. पहिले दोन भाग असेच संपवले. मग दादा नोकरीसाठी टोरांटोला गेला. तिसरा मी एकटाच खेळलो. आता शेवटची मोहीम उरलीय आणि तीन महिने झाले, ती सुरूच करवत नाही. रोज रात्री गेम लावतो, गेममधल्या नॉर्मंडी या अंतराळजहाजावर एक चक्कर मारतो, सगळ्या सोबत्यांना भेटतो आणि बंद करतो. हल्ली ते तेच तेच बोलतात. हे लोक आता संपणार म्हटलं की घसा दाटून येतो. आई म्हणते, "टीव्हीतल्या बाहुल्यांसाठी रडतोस?" माझं काही बिघडलंय का?
— नॉर्मंडीवर अडकलेला

उत्तर:

अरे अडकलेल्या,

बिघडलेलं काही नाही. आणि आईला एवढंच विचार, तिची रात्री आठची मालिका संपली त्या आठवड्यात घरात आमटीला मीठ कोणी दोनदा घातलं होतं? (अंदाजाने लिहितेय, पण माझा अंदाज सहसा चुकत नाही.)

तुझं पत्र आलं तेव्हा मला मास इफेक्ट हे औषधाचं नाव वाटलं होतं. भाच्याला दोन संध्याकाळी समोर बसवून सगळं समजून घेतलं. पहिला भाग २००७ चा, दुसरा २०१०, तिसरा २०१२. गंमत अशी की पहिल्या भागात तू कोणाला वाचवलंस, कोणाला मागे सोडलंस, हे तिसऱ्या भागापर्यंत लक्षात ठेवलं जातं. दुसऱ्याच्या शेवटी तर नीट तयारी केली नसेल तर निम्मी माणसं मरतात. म्हणजे जहाजावर आज जे कोणी जिवंत हिंडतायत, ते तुझ्या आणि दादाच्या निर्णयांमुळे. १९५६ साली डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी रेडिओ-टीव्हीवरच्या माणसांशी प्रेक्षकांचं जे एकतर्फी नातं जुळतं त्याला 'पॅरासोशल' असं नाव दिलं. पण त्यांच्या प्रेक्षकाला पडद्यावरच्या माणसाचा जीव वाचवायची सोय नव्हती. तुला होती. मग जीव गुंतला तर नवल काय?

आता माझी गोष्ट. गिरगावात आमच्या चाळीसमोर एक वाचनालय होतं. तिथे एका गुप्तहेराच्या कादंबऱ्यांची माळ होती आणि सातवीत असताना मी त्या माळेतल्या शेवटच्या पुस्तकापर्यंत पोचले. उरली चौदा पानं. तिथे बेस्टचं तिकीट खूण म्हणून ठेवलं आणि पुस्तक उशीखाली. दिवसाला पाच पैसे दंड. मी रोज मागची पानं वाचायची, चौदा पानांना हात लावायची नाही. महिन्याने वाचनालयाच्या काकांनी बाबांना जिन्यात गाठलं. दंड भरला, वर दोन धपाटे बसले, आणि ती चौदा पानं मी वाचनालयाच्या पायरीवर बसून संपवली.

शेवट भिकार होता! खलनायक म्हणजे त्या गुप्तहेराचा हरवलेला जुळा भाऊ. मला इतका राग आला की रडायचंच राहून गेलं. पण आज त्या जुळ्याचं नावही आठवत नाही. आठवतं काय, तर बशीतला चहा फुंकरत तो गुप्तहेर साक्षीदाराकडे तिरका बघायचा ते.

हे सांगण्याचं कारण आहे. तुझ्या खेळाचा शेवट २०१२ साली जगभरातल्या खेळाडूंना इतका खटकला होता की बनवणाऱ्यांना त्याच वर्षी जूनमध्ये शेवट वाढवून फुकट द्यावा लागला. तुझ्याकडच्या आवृत्तीत ती भर आधीच आहे. तरी अपेक्षा बेताचीच ठेव. शेवटात काय होतं ते भाच्याने मला सांगितलंय, मी तुला सांगणार नाही.

निरोपाचं म्हणशील, तर तो तू घेऊन झालायस. मार्च २०१३ मध्ये गेम बनवणाऱ्यांनी तिसऱ्या भागाला जोड म्हणून 'सिटाडेल' नावाची एक जादा गोष्ट काढली. त्यात सगळे जुने सोबती फ्लॅटवर जमतात, पितात, एकमेकांची टिंगल करतात, सकाळी डोकं धरून उठतात. ती पार्टी झाली, सगळे जहाजावर परतले आणि तू तिथेच सेव्ह करून बसलास. लग्नाचं वऱ्हाड निघायच्या वेळी कोणीतरी गाडीची किल्ली लपवून ठेवावी, तसं.

मला खरं खटकलं ते तुझं एक वाक्य. "हल्ली ते तेच तेच बोलतात," असं लिहिलंयस. तेच बोलणार ना! लिहिलेले संवाद संपलेत त्यांचे. जहाजावरच्या गॅरस या सोबत्याकडे गेलास की तो तोफांचं कॅलिब्रेशन, म्हणजे नेम जुळवणं, चालू आहे म्हणतो. दुसऱ्या भागात त्याचं हसू यायचं, आता तुला बोचतं. त्यांच्याकडे तुझ्यासाठी जे काही नवीन उरलंय, ते सगळं त्या शेवटच्या मोहिमेत आहे. पुढच्या गेमच्या आशेवर म्हणशील, तर त्याची पहिली झलक डिसेंबर २०२० ची आहे. त्याची वाट बघत तू परळमध्ये म्हातारा होशील.

प्रत्येक दुखण्यामागे दुसरं दुखणं शोधायची खोड मला या कामाने लावलीय, तेव्हा हे हातचं राखून वाच. तुझा जीव त्या लोकांवर आहे, ते खरंच आहे, त्याला दुसरं नाव द्यायची गरज नाही. पण जहाजावर एक माणूस कमी आहे आणि तो गेममधला नाही. दोन भाग उत्तरं त्याने निवडली. तिसऱ्यात "आता काय बोलू?" असं वळून विचारायला शेजारी कोणी नव्हतं. शेवटची उत्तरं एकट्याने द्यायची तुझी हिंमत होत नाहीये, असं मला तरी वाटतं.

तर इथल्या रविवारी सकाळी, म्हणजे दादाच्या शनिवारी रात्री, व्हिडिओ कॉल लाव. फोन टीव्हीकडे तोंड करून डब्यांच्या थप्पीला टेकव. आईला सांग दोन-तीन तास हाक मारू नकोस. पोहे आधीच खाऊन घे. सेव्ह पेनड्राइव्हवर उतरवून ठेव, म्हणजे पुसलं जाईल ही धास्ती नको. संपल्यावर यूट्यूबवर दुसरे शेवट शोधत बसू नकोस, निदान त्या दिवशी तरी. नवा गेमही लगेच नको.

आणि पत्राच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात जे लिहिलंयस ते मी वाचलं. गेममधल्या प्रेसिडियम या जागेच्या माथ्यावर तुझी आणि गॅरसची बाटल्या उडवायची पैज लागते तेव्हा गॅरस जिंकावा म्हणून तू मुद्दाम नेम चुकवलास, कारण तो दादाचा लाडका. दादाला हे ठाऊक नाही म्हणतोस. मोहीम सुरू करण्याआधी तेवढं त्याला सांगून टाक.

तुझी,
मावशी