वाचक विचारतात : स्वप्नात आधी हात घासून बघा

प्रश्न : मी देवगडजवळच्या गावात राहतो, वय २६. पहाटे बाबांची होडी सुटते तेव्हा जाळी, डबे किनाऱ्यावर पोचवायला उठतो आणि घरी येऊन परत झोपतो. त्या दुसऱ्या झोपेत मला बरेचदा कळतं की अरे हे तर स्वप्न चालूय, पण कळल्याबरोबर सगळं फिकं पडतं आणि जाग येते. मध्येमध्ये तर शरीरातून वर उचलल्यासारखं होतं, वरून खोली दिसते, पण धूसर, आणि कॅलेंडर भलत्याच भिंतीवर. हे अजून खरं, स्पष्ट कसं होईल? आजी म्हणते नादाला लागू नको, "जीव भायर गेलो आणि वाट चुकलो तर परत कसो येतलो?"

उत्तर : आधी आजीचं. तिची काळजी मनापासूनची आहे म्हणून तिला नीट समजावून सांगा, की जीव कुठे जात नाही, श्वास चालू असतो, शरीर गादीवरच असतं, वाट चुकायचा प्रश्नच नाही. २००२ साली जिनिव्हामध्ये ओलाफ ब्लांके आणि त्यांच्या टीमने फिट्स येणाऱ्या एका बाईच्या मेंदूची तपासणी करताना उजव्या बाजूला कानाच्या थोडं वर-मागे असलेल्या एका भागाला हलका करंट दिला, तर ती म्हणाली मी वरून मला पलंगावर पडलेली बघतेय, आणि गंमत म्हणजे तिला दिसत होते फक्त पाय आणि कमरेखालचा भाग. म्हणजे आपण शरीरात कुठे आहोत हे मेंदू सतत जुळवत असतो, डोळे, त्वचा आणि कानातला तोल सांभाळणारा भाग यांच्याकडून येणारी माहिती एकत्र करून. झोपेत ती जुळणी सैल पडली की तरंगल्यासारखं वाटतं. तुमचा अनुभव खरा आहे, खोली मात्र मेंदूने आठवणीतून उभी केलेली आहे, म्हणून कॅलेंडर चुकलं.

आता मुद्द्याचं. तुम्ही दिसण्याच्या मागे लागलाय, पण खरेपणा येतो स्पर्शातून. २००७ मध्ये हेन्रिक एरसन यांनी लंडनमध्ये एक प्रयोग केला, लोकांना चष्म्यातून त्यांच्याच पाठीमागे ठेवलेल्या कॅमेऱ्यातलं चित्र दाखवलं, आणि छातीला काठीने टोचताना त्याच क्षणी कॅमेऱ्याच्या खाली, हवेतच, दुसरी काठी तशीच हलवली, तर लोकांना वाटायला लागलं की आपण मागे बसून स्वतःच्या पाठीकडे बघतोय! दोन्ही काठ्यांचा टायमिंग चुकवला की तो भास कमी व्हायचा. दिसतंय आणि लागतंय हे एकाच वेळी जुळलं की मेंदू मान्य करतो, हो, मी इथेच आहे.

स्वप्नात हेच वापरायचं. कळलं की हे स्वप्न आहे, की लांबचं काही बघत बसू नका, उडायचीही घाई नको, दोन्ही तळहात एकमेकांवर घासा आणि घासताना त्यांच्याकडे बघा. मग भिंतीला हात लावा, जांभ्याची असेल तर तिचा खडबडीतपणा बोटांना लागू द्या, खाली बसून वाळू मुठीत घ्या. चित्र फिकं व्हायला लागलं तर डोळे ताणून बघू नका, परत हात घासा. एक्साइट झालं की जाग येते हे तर तुम्ही अनुभवलंच आहे. शरीराबाहेर तरंगताना पलंगावरच्या स्वतःकडे वळून बघू नका, बऱ्याच जणांना तिथे बघितलं की परत खेचल्यासारखं होतं, त्यापेक्षा दाराकडे जा आणि कडीला हात लावा.

याची प्रॅक्टिस मात्र दिवसा करावी लागते, आणि मला तरी हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पाखाडी अनवाणी चढताना दगड कुठे गार, कुठे तापलेला ते पायांनी बघा, ओहोटीच्या ओल्या वाळूत टाच किती रुतते, सुकत घातलेल्या मासळीचा वास नेमका कुठून सुरू होतो, जाळं ओढताना दोर तळहाताला कसा कापतो. जे जागेपणी नीट अनुभवलंच नाही ते स्वप्नात मेंदू आणणार कुठून? फोन बघत चाललात तर स्वप्नातही सगळं काचेआडचं मिळेल.

आणि तुमची ती दुसरी झोप म्हणजे मोठी सोय आहे. स्वप्नांची आरईएम झोप पहाटेकडे लांबत जाते, म्हणून थोडा वेळ उठून परत झोपणं ही ल्युसिड ड्रीमची, म्हणजे स्वप्न चालू असतानाच हे स्वप्न आहे असं कळण्याची, नेहमीची पद्धतच आहे. परत पडताना नुकतंच पडलेलं स्वप्न आठवा आणि मनात ठरवा, पुढच्या वेळी मला कळेल की हे स्वप्न आहे. स्वप्न की जाग अशी शंका आली तर नाक दाबून श्वास घेऊन बघा, स्वप्नात श्वास येतो. टेस्ट म्हणून उंचावरून उडी वगैरे कधीच नाही. आणि दिवसासुद्धा खरं काय, स्वप्न काय यात गोंधळ व्हायला लागला तर हे सगळं थांबवून डॉक्टरांना भेटा.

यात कोणी थापा मारत नाही ना, असंही लोक विचारतात. १९७५ मध्ये इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी झोपलेल्या माणसाकडून स्वप्नातून सिग्नल घेतला होता. आरईएम झोपेत अंग लुळं असतं पण डोळे हलतात, म्हणून आधी ठरल्याप्रमाणे त्याने डोळे डावी-उजवीकडे फिरवले आणि ते मशीनवर उमटले.

प्रश्न : माझी सासुरवाडी हर्णैची. रात्री जाग येते पण अंग हलत नाही, छातीवर कोणीतरी बसल्यासारखं वाटतं. घरात कोणी देवचार म्हणतं, कोणी नजर. काय करू?

उत्तर : ताई, घाबरू नका. वर म्हटलेलं तेच अंगाचं लुळेपण जाग आल्यावरही काही क्षण टिकतं, त्याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात. श्वास चालूच असतो. ओरडायचा जोर लावू नका, पायाचा अंगठा हलवायचा प्रयत्न करा. उताणं झोपल्यावर आणि झोप अपुरी असताना हे जास्त होतं, म्हणून कुशीवर झोपा आणि झोपेची वेळ सांभाळा, घरातल्यांनाही हे वाचायला द्या. दिवसा बसल्या बसल्या झोप लागत असेल किंवा हसताना गुडघे ढिले पडत असतील तर मात्र न्यूरोलॉजिस्टला दाखवाच.

प्रश्न : ल्युसिड ड्रीमसाठी गॅलँटामाइनची गोळी ऑनलाइन मागवू का?

उत्तर : नको. ते अल्झायमरचं औषध आहे. स्वप्नांसाठी त्याच्यावर अभ्यास झालाय हे खरं, पण मळमळ, उलट्या होतात, नाडी मंद होऊ शकते, आणि दमा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांना तर त्यात धोका आहे.