‘मोठी आहे ना, मग एवढंही जमत नाही?’

आम्ही घरी नसताना भावंडं भांडतात, कुत्र्याकडे कुणीच बघत नाही, मोठ्या मुलीला जबाबदारीची जाणीव नाही, काय करावं? समुपदेशनात हा प्रश्न वरचेवर येतो. पुढची हकिगत कुणा एका घराची नाही. अशा बऱ्याच घरांत दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून ती मांडली आहे.

मुलगी १३ वर्षांची, मुलगा ९ वर्षांचा. कुत्रा चार वर्षांचा, वजन २२ किलो. त्याला मोती म्हणू या. शाळा सुटल्यावर चार ते सात तिघंच घरी. एके संध्याकाळी बाबा परतले तर दार सताड उघडं आणि मोती तीन मजले खाली जिन्यात. मुलगी म्हणाली, ‘मी बाथरूममध्ये होते, यानं उघडलं.’ मुलगा म्हणाला, ‘तिनंच सांगितलं.’ त्यानंतर मुलगी घरात बोलेनाशी झाली आणि आईबाबा तिला घेऊन आले.

दोघांना वेगवेगळं बसवून एकच काम दिलं: चार ते सात घरात काय काय होतं ते क्रमानं लिही. मुलीच्या कागदावर ११ कामं निघाली. आईबाबांना विचारलं तर त्यांच्या मते त्यांनी सांगितलेली कामं चारच होती. उरलेली सात ‘जरा लक्ष ठेव’ या एका वाक्यातून आली होती. भाऊ अभ्यासाला बसला का, मोती का भुंकतोय, बेल वाजली तर कोण आहे, सांडलेलं कुणी पुसायचं, सगळंच तिच्याकडे. भाऊ ऐकत नाही तेव्हा काय करायचं, हे मात्र कुणीच सांगितलं नव्हतं. बोलणी खायची तिनं, आणि हातात अधिकार शून्य. अशी मुलं बेफिकीर दिसतात. खरं तर ती थकलेली असतात.

मुलाच्या कागदावर एक ओळ होती: ‘मोती गुरगुरतो, मग मी त्याला ओरडतो.’ आईबाबाही गुरगुरल्यावर मोतीला दटावत. इथे थांबणं भाग होतं. गुरगुरणं म्हणजे ‘आता पुरे’ असं कुत्र्यानं सांगणं. ते दडपलं की कुत्र्याची नाराजी जात नाही, फक्त इशारा जातो आणि पुढच्या वेळी तो थेट चावू शकतो. त्याआधीच्या खुणा मुलांना शिकवता येतात: अंग ताठ होणं, तोंड फिरवणं, झोप नसताना जांभई, सारखे ओठ चाटणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं. मोती कधी गुरगुरतो हे खोदून विचारल्यावर कळलं की बहुतेक वेळा डोक्याला हात लावला की. म्हणून आधी पशुवैद्य. कानाला संसर्ग निघाला. वागणं अचानक बदललेल्या कुत्र्याला आधी दुखतंय का ते पाहायचं, शिस्तीचं नंतर.

मग घराची फेरमांडणी. मूळ नियम असा ठरला की मोतीची जबाबदारी मोठ्यांची, आणि आईबाबा बाहेर असताना मुलांकडे त्याचं एकच काम: पाण्याचं भांडं रिकामं दिसलं तर भरणं. ते मुलाकडे, कारण त्याला ते हवं होतं. फिरवणं सकाळी निघण्यापूर्वी आणि संध्याकाळी परतल्यावर, मोठ्यांनीच. मधला वेळ लांब पडला, म्हणून दुपारी एक चक्कर मारायला शेजारच्या काकूंना सांगितलं.

खाण्याचा घोळ वेगळाच होता. कधी मोती उपाशी राही, कधी ‘तिनं घातलं नसेल’ म्हणून दोघंही घालत. आता दिवसभराचं खाणं सकाळीच मोजून एका डब्यात काढतात. डबा रिकामा म्हणजे मोती जेवला, चौकशीच नको. चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे, कांदा, लसूण, झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असलेलं बिनसाखरेचं च्युइंगगम हे सगळं कुत्र्याला विषारी आहे, म्हणून ओट्यावर नाही, बंद कपाटात. तरी खाल्लंच तर मुलांनी स्वतः उलटी करवायची नाही. वेष्टन जपून ठेवायचं आणि लगेच फोन करायचा.

दाराचा नियम: बेल वाजली तरी उघडायचं नाही, पार्सल बाहेरच राहील. शिवाय दिवाणखाना आणि बाहेरचं दार यांच्यामध्ये लहान मुलांसाठी मिळतं तसं फाटक बसवलं, म्हणजे मुलं शाळेतून आत येतानाही मोती निसटत नाही. निसटलाच तर मागे धावायचं नाही. पळणाऱ्याला तो खेळ वाटतो, आणि मुलं रस्त्यावर जातात. दारातूनच खाण्याचा डबा वाजवून हाक मारायची, नाहीतर फोन.

फोनच्या यादीत आई, बाबा, काकू आणि पशुवैद्य, याच क्रमानं. यादी कागदावर, दाराजवळ. मोबाइलमधली यादी चार्जिंग संपलं की गेली. चावलं तर मोतीपासून दूर होऊन मध्ये दार बंद करायचं, जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि लगेच फोन. कुत्र्याचं लसीकरण झालेलं असलं तरी त्याच दिवशी डॉक्टर. ‘फोन केलास म्हणून ओरडा बसणार नाही’ हे आईबाबांनी दोघांसमोर म्हणायला हवं होतं. त्यांनी ते म्हटलं. जरा अवघडून का होईना.

भावंडांचं भांडण सोडवणं मुलीच्या यादीतून काढलं. नियम आईबाबांच्या अक्षरात कागदावर, म्हणजे भावाला नियम तिचे वाटत नाहीत. वाद झाला तर दोघं वेगळ्या खोलीत, निकाल सातनंतर. आणि घरात पाऊल टाकताच ‘यानं त्रास दिला का?’ हा मुलीला विचारला जाणारा पहिला प्रश्न बंद. त्या प्रश्नानं ती रोज चहाडखोर ठरत होती.

हे सगळं एका दमात लागू केलं नाही. आधी २० मिनिटं, मग तासभर, मग पूर्ण वेळ. प्रत्येक वेळी परतल्यावर ‘कुठे अडलं?’ एवढंच विचारायचं.

तरी दोन गोष्टी फसल्या. एका संध्याकाळी आईला दीड तास उशीर झाला. मोती दाराशी कुंईकुंई करू लागला म्हणून मुलगी त्याला खाली घेऊन गेली आणि भाऊ एकटा राहिला. तिची चूक नव्हती, उशिराची योजनाच नव्हती. आता साडेसातपर्यंत कुणी आलं नाही तर काकू स्वतःच्या किल्लीनं येतात.

दुसरी गोष्ट अशी की ‘आम्ही नसताना मोतीला वेगळं ठेवा’ हा नियम मुलगा चोरून मोडायचा. अंधार पडला की त्याला भीती वाटायची आणि मोती हाच त्याचा धीर होता. तो धीर काढून घेणारा नियम टिकणार कसा? म्हणून सूट दिली: ताई त्याच खोलीत असेल तर मोतीही तिथे. तीन सेकंद कुरवाळायचं, हात काढायचा. तो जवळ आला तर पुन्हा, उठून गेला तर जाऊ द्यायचं. जेवताना, झोपेत किंवा तोंडात खेळणं असताना हात लावायचा नाही.

मुलगी आता मोतीला एकटीनं फिरवायला मागते आहे. २२ किलोचा कुत्रा मांजरामागे झेपावला तर १३ वर्षांच्या हाताला आवरेलच असं नाही. आधी काही आठवडे मोठ्यांसोबत, पट्टा तिच्या हातात. पट्टा मनगटाला गुंडाळायचा नाही, हातात मोबाइल नाही, आणि ओढला जाऊन पडायची वेळ आली तर पट्टा सोडून द्यायचा, हे तिला आधीच सांगून ठेवलेलं असावं. भावाला बरोबर न्यायचं नाही, निदान सुरुवातीला तरी.