‘अ. पा. क.’ आणि ‘कोम’: जुन्या फेरफारातली नाती

तासगाव तालुक्यातल्या एका वाचकांना पणजोबांच्या नावाचा 1931 सालचा फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाची सरकारी नोंद, मिळाला. त्यात लिहिलंय, ‘पांडू बिन सखाराम अ. पा. क. आई बायजा कोम सखाराम’. ते विचारतात, ‘अपाक’ हे आमचं जुनं आडनाव का? आणि ‘कोम’ म्हणजे जात का?

दोन्ही नाही. अ. पा. क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता. यातला ‘अज्ञान’ अडाणी नव्हे, वयाने सज्ञान न झालेला, म्हणजे 18 च्या आतला. त्याच्या वतीने जमिनीचं बघणारी त्याची आई. ‘कोम’ जमात या अर्थानेही वापरतात, म्हणून घोटाळा होतो. पण बाईच्या नावापुढे आणि पुरुषाच्या नावाआधी आला की त्याचा अर्थ ‘अमक्याची बायको’. काही ठिकाणी त्याच जागी ‘भ्र.’ दिसेल, म्हणजे भ्रतार, नवरा. ‘बिन’ अरबीतून आलेला, ‘अमक्याचा मुलगा’. बिनपगारीतला बिन वेगळा. (सखाराम तेव्हा बहुधा हयात नसावा, पण ते ‘बिन’वरून कळत नाही!)

ते कळतं ‘आई’वरून. बाप असताना पालनकर्ती म्हणून आईचं नाव सहसा लागत नाही. तेव्हा याच किंवा आधीच्या फेरफारात वारसाची नोंद शोधा. सखाराम कधी मयत झाला ते तिथे मिळण्याची शक्यता जास्त. भाऊबंद एकत्र असते तर थोरल्याच्या नावापुढे ए. कु. मॅ., म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, आलं असतं. शिवाय 1931 ला पांडू अज्ञान, म्हणजे त्याचा जन्म 1913 च्या अलीकडचा. मात्र हा हिशोब मूळ फेरफारावरूनच करा. अ. पा. क. चा शेरा अर्ज केल्याशिवाय निघत नाही, त्यामुळे सातबाऱ्यावर साठीचा माणूसही अज्ञान राहिलेला असतो. आणि पांडूच्या बहिणींची नावं नाहीत म्हणून त्याला बहिणी नव्हत्या असं धरू नका. 1956 च्या वारसा कायद्याआधी मुलींची नावं क्वचितच लागत.

कागदाच्या माथ्यावर ‘जिल्हा सातारा’ असेल तर भलत्याच गावचा उतारा मिळाला असं समजू नका. तासगाव 1949 पर्यंत साताऱ्यातच होतं, मग ‘दक्षिण सातारा’त गेलं, सांगली हे जिल्ह्याचं नाव 1960 चं.