पिशवीतले केस

"मॅडम, केस लई गळायलेत."

सोलापुरात समुपदेशनाला येणाऱ्या विशीतल्या कितीतरी मुली सुरुवात याच वाक्यानं करतात. झोप, नोकरी, लग्न हे विषय मागाहून निघतात. पुढची हकीकत अशा तिघी-चौघींची मिळून एक केलेली आहे.

जुळे सोलापूर भागातली ही मुलगी आईसोबत आली. हातात प्लॅस्टिकची पिशवी, आत तारीखवार बांधलेले केसांचे पुंजके. सहा महिन्यांपूर्वी डेंग्यू झाला होता. स्थळं बघणं सुरू होतं. आई म्हणाली, "वेणीची शेपटी झालीय ओ नुसती."

आधी त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवलं. शरीराचं कारण तपासल्याशिवाय मनाकडे वळू नये, हा माझा शिरस्ता. चाई नव्हती, थायरॉईड ठीक, फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा कमी. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. मोठ्या तापानं बरेच केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण तिला ते पटलं नव्हतं.

"धुताना किती जातात?"

"तीनशेच्या वर. मोजलेत."

"धुतेस कधी?"

"सहा दिवसांनी. नळाला पाणी रोज कुठंय? आणि भीती वाटती."

दिवसाला ५० ते १०० केस गळणं सर्वसाधारण. ६० धरले, तरी सहा दिवसांचे ३६०. सुटलेले केस वेणीत अडकून राहतात आणि धुताना एकदम हाती येतात. त्यात आशियाई केस युरोपीय केसांपेक्षा सहसा जाड आणि काळे, त्यामुळे पांढऱ्या फरशीवर पुंजका दिसतोही मोठा. हिशेब तिला कळला, चेहरा मात्र तसाच होता.

भीतीशी वाद घालू नये. तिच्यासमोर पुरावा ठेवावा. तिसऱ्या भेटीत तिला आरसा आणि पांढरा कागद दिला. कपाळाजवळ बोटाच्या पेराएवढे केस उभे होते.

"हे तुटलेले," ती म्हणाली.

"टोक बघ."

तुटलेल्या केसाचं टोक बोथट किंवा चिरलेलं असतं; नव्याचं निमुळतं. हिची सगळी निमुळती निघाली. लांबी तीन सेंटिमीटर. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. तिनं बोटांवर महिने मोजले, मग पिशवीतली पहिली चिठ्ठी काढली. तारीख तीन महिन्यांपूर्वीची! ज्या दिवसांत ती जुने गोळा करत होती, त्याच दिवसांत नवे उगवत होते. मोजणं चालू होतं, पण एकाच बाजूचं. हे तिचं तिला सापडलं, म्हणून टिकलं.

नंतरचं काम सोपं. मोजणं बंद. आठवड्यातून दोनदा धुणं. पाण्याचा दिवस नसला तरी साठवलेल्या दोन तांब्यांनी आधी टाळू नीट भिजवायची. डोक्यात कोंडा होता आणि आजीच्या आग्रहानं रात्रभर तेल. कोंड्यातली बुरशी तेलावरच जगते, म्हणून ते थांबवलं. डॉक्टरांनी दिलेला किटोकोनॅझोल शाम्पू टाळूला लावून पाच मिनिटं ठेवायचा. ती लगेच धुऊन टाकत होती, म्हणून गुण येत नव्हता. जड पाण्यानं केस राठ होतात, मुळातून गळत नाहीत, हेही तिला सांगावं लागलं.

शेवटच्या भेटीत आईनं पदर सरकवला. "आणि माझं?" भांग बोटभर रुंद, अंबाडा करकचून बांधलेला, कानशिलावरचे केस मागे सरकलेले. त्यांना आरसा दिला नाही, त्वचारोगतज्ज्ञाच्या नावाची चिठ्ठी दिली. असा रुंदावत गेलेला भांग वाट पाहून भरत नाही. अंबाडा तेवढा तिथंच सैल करायला लावला.