पॅनल धुवायला वर्षाला १२ हजार? आधी वीजबिल काढा

प्रश्न: सोलापुरात आमच्या गच्चीवर ५ किलोवॅटचं सोलर आहे. महिन्याला एक धुलाई, असे वर्षाचे १२,००० रुपये सफाईवाला मागतो. दुसरा एक जण २८,००० रुपयांत स्प्रिंकलर बसवून देतो. काय घ्यावं?

उत्तर: सध्या दोन्ही नको.

५ किलोवॅटला महिन्याला सुमारे ६०० युनिट धरा. धुळीचे आठ महिने म्हणजे ४,८०० युनिट. धुळीने १० टक्के घट झाली असं समजलं, तरी ४८० युनिट जातात. तुमच्या बिलातल्या शेवटच्या टप्प्याचा दर वहन आकारासह (वीज घरापर्यंत आणण्याचा, बिलात वेगळा दाखवलेला आकार) युनिटला १२ रुपये धरला, तर नुकसान ५,७६० रुपयांचं. ते वाचवायला १२,००० कशाला मोजायचे? त्यातही चार धुलाया पावसाळ्यातल्या, जेव्हा पाऊसच पॅनल धुतो. आणि तुमच्या सोलरने वीज कंपनीला दिलेली युनिट ३१ मार्चला तुमच्या खात्यात शिल्लक राहत असतील, तर नुकसान आणखी कमी, कारण त्या शिलकीला मिळणारा दर फार कमी असतो. म्हणून मार्चचं बिल आधी पाहा.

स्प्रिंकलरने सगळं नुकसान भरून निघालं तरी पैसे वसूल व्हायला पाच वर्षं लागतील. तेवढंही होणार नाही. दवाने भिजून वाळलेली धूळ काचेला चिकटते, ती नुसत्या फवाऱ्याने निघत नाही. शिवाय बोअरचं जड पाणी वाळलं की पांढरे क्षार बसतात, ते धुळीपेक्षा चिवट.

दीड-दोन हजारांत लांब दांड्याचा मऊ मॉप आणि रबरी वायपर घ्या. दर पंधरा दिवसांनी, ऊन चढण्याआधी इन्व्हर्टर आणि डीसी आयसोलेटर (पॅनलकडून येणारी वीज तोडणारा स्विच) बंद करून धुवा. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर ती तडकू शकते. एका पॅनलला दोन लिटर पाणी पुरतं, शक्यतो साठवलेलं पावसाचं. कपड्यांची पावडर, तारेची घासणी, प्रेशर वॉशर नको. पॅनलवर पाय तर मुळीच ठेवू नका, आतले सेल तडकतात आणि ते वरून दिसतही नाही. खालच्या कडेला फ्रेमपाशी साचलेली मातीची रेघ मात्र नीट काढा, तळातले सेल झाकले गेले की अख्ख्या पॅनलची वीज घटते. पक्ष्यांची विष्ठा त्याच दिवशी पुसा, तिच्याखालचा सेल तापतो.

धुण्याआधीच्या आणि नंतरच्या निरभ्र दिवसाची युनिट इन्व्हर्टरच्या ॲपवर ताडून पाहा. फरक ३ टक्क्यांहून कमी असेल तर धुलाई महिन्यावर न्या.

पत्र्याचं उतरतं छप्पर असेल किंवा गच्चीला कठडा नसेल, तर स्वतः चढू नका. अशा वेळी माणूस लावा, पण वर्षाचा करार न करता धुलाईमागे दर ठरवा, ऑक्टोबर ते मे एवढाच.