वाचकांचे प्रश्न : हात उठायच्या आधी

प्रश्न : दोन वर्षं कराटे शिकते आहे. तरी बसस्टॉपवर एकाने दंड धरला तेव्हा तोंडातून आवाजही फुटला नाही. सराव वाया गेला का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : सराव वाया गेलेला नाही, अर्धा राहिला आहे. क्लासमध्ये समोरचा वाकून नमस्कार करतो आणि ठरलेल्या अंतरावरून ठरलेला ठोसा मारतो. रस्त्यावरचा माणूस आधी पत्ता विचारतो, बोलता बोलता जवळ सरकतो. 'हा हल्लाच आहे' हे ठरवण्यात मेंदूचा वेळ जातो आणि तेवढ्यात दंड धरलेला असतो. त्यातच ॲड्रेनलिनमुळे नजर एका जागी खिळते, आजूबाजूचं ऐकू येईनासं होतं, बोटांची बारीक कामं जमत नाहीत. मनगट पिळून सुटण्याच्या नाजूक युक्त्या तेव्हा हमखास फसतात.

म्हणून निर्णय घरीच घेऊन ठेवा आणि वहीत लिहा : 'अनोळखी माणूस हाताच्या अंतरात आला, की एक पाऊल मागे, उघडे तळवे छातीसमोर आणि "लांब थांबा!" त्यानंतरही अंगाला हात लावला, की प्रहार आणि पळ.' अमेरिकेतले नेमबाजी प्रशिक्षक जेफ कूपर यांनी सावधपणाच्या चार अवस्थांना पांढरा, पिवळा, नारिंगी आणि लाल असे रंग दिले. घराबाहेर पिवळा, म्हणजे निवांत पण जागं. एखाद्याचं वागणं खटकलं की नारिंगी : 'याने अमुक केलं तर मी तमुक करीन.' लाल म्हणजे ते अमुक घडलं. आता विचार संपला.

ओरडण्याचा सराव वेगळा करावा लागतो. लाजेपायी तो कुणी करत नाही. पोटातून, आखूड शब्दांत ओरडा. गर्दीत 'निळा शर्ट, हात सोड! मी तुला ओळखत नाही!' असं म्हटलं की बघणाऱ्यांना हे घरगुती भांडण वाटत नाही.

प्रश्न : मुलगा सोळा वर्षांचा आहे. सर म्हणतात, आक्रमकता कमी पडते. घरी मात्र रागाने दारं आपटतो! (एक पालक, नाशिक)

उत्तर : दारं आपटणं हा राग, आणि रागाला थांबता येत नाही. शिकवायची ती आक्रमकता हुकमी हवी : सुरू करता येणारी, तितकीच झटक्यात बंदही होणारी.

त्याला डोळे मिटून उभं करा. जोडीदाराने जाड पॅड धरून खांद्याला धक्का द्यायचा. धक्का लागताच डोळे उघडून 5 सेकंद पूर्ण जोराने पॅडवर प्रहार. शिट्टी झाली की थांब, दोन पावलं मागे, मान वळवून दोन्ही बाजूंना नजर, मग दाराकडे. 30 सेकंद विश्रांती : 4 मोजत श्वास आत, 6 मोजत बाहेर. अशा 6 फेऱ्या. शिट्टीनंतर एक जरी फटका पडला तरी ती फेरी बाद. खरं शिक्षण इथेच आहे. शिट्टीची वेळ दर फेरीला बदला, नाहीतर तो मनात आकडे मोजत मारतो.

मुलं बहुधा श्वास रोखून मारतात आणि दोन-तीन फेऱ्यांत गळतात. प्रत्येक फटक्याला आवाज काढायला लावा. प्रहार तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने. मूठ कवटीवर आदळली तर करंगळीमागचं हाड मोडू शकतं.

प्रश्न : आपणच जास्त मारलं तर गुन्हा आपल्यावर? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : होऊ शकतो. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44 स्वसंरक्षणाबद्दल आहेत. धोक्याची रास्त भीती निर्माण होताच हक्क सुरू होतो, म्हणजे पहिला फटका खाण्याची वाट बघायची गरज नाही. पण बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही, आणि भीती संपली की हक्कही संपतो. पळणाऱ्याला गाठून मारलेली लाथ सहसा बचावात बसत नाही. सुरक्षित जागी पोचल्यावर 112 ला फोन तुम्हीच आधी करा.