विचारा की! : जॉर्जियाची कोंबडी, गटारीची कढई

मागच्या अंकात मी बोलता बोलता लिहून गेले की, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या जॉर्जिया राज्यात येऊन तीस वर्षं झाली आणि आता पाहुणे आले की मी तांबडा-पांढरा करत बसत नाही, सरळ चिकन तळते. झालं! पत्रांचा ढीग आला. कोल्हापूरच्या एका वाचकांनी तर ‘तुम्ही बाटलात’ असंही कळवलंय. असो. आषाढ चालू आहे, गटारी तोंडावर आलीय, म्हणून लोणच्याचे आणि ढोकळ्याचे प्रश्न पुढच्या वेळी. आज फक्त कोंबडी.

ताई, व्हिडिओ बघून दोनदा केलं. आलं-लसूण, लाल तिखट, गरम मसाला लावून मुरवलं, मैद्यात घोळवलं आणि कडकडीत तेलात सोडलं. दोन्ही वेळा वरून काळं, हाडापाशी कच्चं, आणि वरचा पापुद्रा तेलात सुटून तरंगायला लागला. गटारीला बारा माणसं येणार आहेत. वाचवा! — एक गृहिणी, ठाणे

घाबरू नका, याच वाटेने मीही गेले आहे. इथे आल्यावर पहिल्याच वर्षी यांच्या ऑफिसातले चौघं जेवायला बोलावले आणि दक्षिणेत आलोय तर दक्षिणेचं चिकन करू म्हणून हौसेने कांदा-लसूण मसाला चोपडून तळलं. बाहेरून डांबर. एकाने मांडीच्या तुकड्यात काटा घातला तर आतून गुलाबी पाणी आलं. बिचारे काकडीची कोशिंबीर खाऊन, तिचंच कौतुक करून गेले.

दुसऱ्या दिवशी हे मी शेजारच्या बाईंना सांगितलं. सत्तरीच्या पुढच्या, चर्चच्या जेवणावळींत चिकन तळण्यात हयात गेलेली. त्या स्वयंपाकघरात आल्या, माझा मसाल्याचा डबा उघडला, वास घेतला, ‘छान आहे’ म्हणाल्या आणि झाकण लावून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, मीठ कुठाय?

तर पहिली गोष्ट मीठ. एक किलो चिकनला दोन सपाट छोटे चमचे मीठ आदल्या रात्री. ते आत शिरायला वेळ लागतो, चार तासांत ते वरवरच राहतं. आलं-लसणाचं ओलं वाटण मात्र नको. ते तेलात मांसाच्या आधी जळतं, आणि तुमचा काळा रंग बराचसा त्याचाच आहे. चव हवी तर लसणाची पूड मैद्यात घाला.

दुकानात ‘करी कट’ घेऊ नका. नऊशे ग्रॅम ते किलोची साफ केलेली कोंबडी सांगा, पण कातडी ठेवून. दुकानदार दोनदा विचारेल ‘विथ स्किन?’, दोनदा हो म्हणा. दोन तंगड्या, दोन मांड्या, दोन पंख, छातीचे चार. दहा तुकडे. कातडी नसेल तर मैद्याला धरायला काही उरत नाही आणि छाती तर चिंध्यांसारखी कोरडी होते.

पापुद्रा का सुटतो? ओल्या तुकड्याला पीठ लावलं आणि लगेच तेलात सोडलं, म्हणून. दोन वाट्या मैदा, अर्धी वाटी कॉर्नफ्लोअर, दीड चमचा मीठ, दोन चमचे भरड मिरी, एक चमचा काश्मिरी तिखट (ते रंगापुरतं) असं कोरडं एकत्र करा. चिकन रात्रभर दाट ताकात मुरवायचं (कसलं ताक, ते पुढे), त्यातलंच दोन-तीन चमचे या पिठात शिंपडून बोटांनी चोळा, म्हणजे पिठात बारीक रवाळ गुठळ्या होतात. तळल्यावर जे खडबडीत, कुरकुरीत टेंगूळ दिसतं ते हेच. तुकडा निथळून पिठात दाबून घोळवा, झटका आणि जाळीवर वीस मिनिटं नुसता ठेवा. पीठ ओलसर दिसायला लागलं, पांढरेपणा गेला, की समजा ते आता चिकटलं.

आता तेल. कडकडीत हाच तुमचा शत्रू. भजी दोन मिनिटांत होते, कोंबडीची मांडी पंधरा मिनिटं घेते. तेल १७५ अंश सेल्सिअसला आणा. तुकडे सोडले की ते आपसूक १५० ते १६०च्या दरम्यान उतरतं, तिथेच धरून ठेवा. तुकडा तेलात बुडायला नको, निम्मा वर राहिला पाहिजे. पहिली पाच-सहा मिनिटं झाकण, मग काढून उलटा, पुढे उघडंच. मांड्या आणि तंगड्या आधी, छाती नंतर, दोन्ही एकत्र तळायचे नाहीत. गर्दीही नको, एका वेळी चार-पाच.

बाईंकडे थर्मामीटर नव्हता. त्या कढईकडे पाठ करून भांडी घासायच्या आणि मध्येच वळून उलटायच्या. मी विचारलं, कसं कळतं? म्हणाल्या, ऐक. तुकडा पडतो तेव्हा पत्र्यावरच्या पावसासारखा एकसारखा दणदणाट असतो. आतलं पाणी बाहेर येत असतं ना! ते संपत आलं की आवाज उतरतो, पागोळ्यांसारखा तुटक होतो. तेव्हा काढायचं. मला तो आवाज ओळखायला दोन वर्षं लागली, म्हणून तुम्हाला सांगते, गटारीपुरता सुईचा थर्मामीटर आणा. हाडाला न टेकवता आत खुपसा, ७४ अंश झाले की शिजलं. मांडी मी ८०पर्यंत नेते, रबरासारखी राहत नाही. हाडाशी तांबूस दिसलं आणि आकडा बरोबर असेल तर घाबरू नका. कोवळ्या कोंबडीच्या हाडातला रंग झिरपतो तो.

आणि कागदावर काढून ठेवू नका! खालून वाफ धरते आणि केलेलं सगळं मातीमोल होतं. जाळी.

‘बटरमिल्क’ म्हणजे आपलं ताकच ना? मी ताकात भिजवलं तर सगळं पाणी पाणी झालं. — सांगली

शब्द तोच, वस्तू वेगळी. लोणी काढून उरतं ते खरं ताक, आणि जुन्या काळी दक्षिणेतल्या शेतांवरही तेच वापरत. आज इथल्या दुकानात पुठ्ठ्याच्या खोक्यात मिळतं ते दुधाला विरजण लावून केलेलं, दाट, ओतताना गटगट पडणारं. तेव्हा घरचं आंबटसर दही घ्या, दोन वाट्यांना अर्धी वाटी पाणी घालून घुसळा. पळीला चिकटून राहिलं पाहिजे. रात्रभर, फ्रिजमध्ये. फार आंबट दह्यात दोन दिवस ठेवलंत तर मांस वरून पिठूळ होतं, ते नको.

असाच दुसरा गोंधळ. भारतात कॉर्नफ्लोअरच्या पाकिटात मक्याचं पांढरंशुभ्र सत्त्व असतं. अमेरिकन पाककृतीत ‘कॉर्नफ्लोअर’ लिहिलं की ते मक्याचं बारीक पीठ. सत्त्वाला इथे कॉर्नस्टार्च म्हणतात. माझ्या मिश्रणात सत्त्व आहे. पिवळ्या पिठाने वेगळंच काहीतरी होईल. मासा तळायला ते फार छान, पण तो विषय निराळा.

मावशी, मी शार्लटला एमएस करतोय. विजेची शेगडी, पातळ नॉन-स्टिक पॅन आणि छताला स्मोक अलार्म. जमेल का? — एक भुकेला

जमेल रे. पण त्या पॅनला हात लावू नकोस. चिकन पडलं की पातळ बूड गार पडतं, तू घाबरून आच वाढवतोस, मग तेल पेटायला येतं. बिडाचं भांडं घे. आजीकडे घावनांचा बिडाचा तवा असेल ना, तोच धातू, फक्त खोलगट. टेनेसीत साउथ पिट्सबर्ग नावाच्या गावात लॉज कंपनीचा कारखाना १८९६ पासून ही भांडी ओततोय आणि किंमत तुझ्या एका पाठ्यपुस्तकापेक्षा खूप कमी. दहा-बारा इंची घे.

तेल शेंगदाण्याचं, रिफाइंड. इथली सगळ्यात जास्त भुईमुगाची शेती आमच्या जॉर्जियात, त्यामुळे ते इथल्यांनाही परकं नाही. पण आईने बॅगेत घातलेलं घाण्याचं तेल यासाठी वापरू नकोस, ते लवकर धुरकटतं आणि मग तो अलार्म तुझी अब्रू काढेल. तिथल्या दुकानातली कोंबडी दांडगी असते, चार-पाच पौंडांची; तीन-साडेतीनची शोध, नाहीतर नुसत्या तंगड्या आण. थर्मामीटर नसेल तर लाकडी चमच्याचा दांडा तेलात टेकव. कडेने संथ बुडबुडे आले तर तेल तयार, उसळले तर थांब. आणि काही पेटलंच तर पाणी मारायचं नाही. झाकण ठेव, शेगडी बंद कर.

अटलांटात नोकरी करतो. ऑफिसच्या पॉटलकला (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं जेवण) घरी तळलेलं चिकन नेलं आणि एका आफ्रिकन-अमेरिकन सहकाऱ्याला हसत म्हटलं, ‘खास तुमच्यासाठी.’ तो ‘थँक्स’ म्हणाला, पण त्याने हातही लावला नाही. माझं काय चुकलं?

चिकन चुकलं नाही. ‘खास तुमच्यासाठी’ चुकलं.

हा पदार्थ छापील पुस्तकात १८२४ सालीच दिसतो. व्हर्जिनियाच्या मेरी रँडॉल्फबाईंनी लिहिलाय : तुकडे करा, पिठात घोळवा, मीठ शिंपडा, भरपूर चरबीत तळा. पण असल्या घरांतून चुलीपुढे कोण उभं असायचं? गुलाम बायका. बऱ्याच ठिकाणी गुलामांना पाळायची मुभा असलेलं जनावर म्हणजे कोंबडीच. यादवी युद्धानंतर व्हर्जिनियाच्या गॉर्डन्सव्हिल स्टेशनात गाड्या थांबल्या की कृष्णवर्णीय बायका डोक्यावर थाळ्या घेऊन फलाटावर यायच्या आणि खिडकीतून प्रवाशांना चिकन विकायच्या. गाड्यांना डायनिंग कार नव्हत्या. आपल्याकडे कर्जत आलं की वड्यासाठी खिडक्या उघडतात ना, तसंच. त्या पैशांवर कित्येकींनी संसार उभे केले, घरं बांधली.

आणि त्याच चिकनची पुढे टिंगल झाली. पोस्टकार्डांवर, नाटकांत, १९१५च्या एका गाजलेल्या मूकपटात तर कृष्णवर्णीय आमदार सभागृहात बसून कोंबडी खाताना दाखवलाय : बघा, यांना राज्य काय करता येणार! दुसरीकडे, १९६४चा नागरी हक्क कायदा होईपर्यंत दक्षिणेत रस्त्यावरच्या हॉटेलांत त्यांना बसू देत नसत, म्हणून प्रवासाला निघताना बुटांच्या खोक्यात तळलेलं चिकन बांधून न्यायचे. गारही चांगलं लागतं आणि टिकतं, म्हणून. तुमच्या सहकाऱ्याच्या आजीने ते खोकं भरलं असेल, आणि तुम्ही हसत हसत त्याच्यापुढे त्या पोस्टकार्डातला विनोद ठेवलात. तुम्हाला माहीत नव्हतं हे मला कळतं. त्याला कसं कळावं?

एकदा गाठून एका वाक्यात माफी मागा, लांबण लावू नका, पाककृतीचा विषय तर मुळीच काढू नका. पुढच्या पॉटलकला चिकन न्यायचं तर खुशाल न्या. सगळ्यांच्या टेबलावर ठेवा आणि गप्प बसा.

एअर फ्रायरमध्ये होईल का? — नाशिक

नाही. भाजलेलं चिकन होईल, चांगलंही होईल. त्याला हे नाव देऊ नका.

चमच्या-काट्याने खायचं की हाताने? सुनेच्या घरी अडचण होते. — पुणे

गेन्सव्हिल हे आमच्याच राज्यातलं कोंबड्यांच्या धंद्याचं गाव. तिथे १९६१ साली तळलेलं चिकन काट्याने खाणं बेकायदा ठरवलंय. जाहिरातीसाठीच केलं ते, पण कायदा आहे. सुनेला हा दाखला द्या.

आधी तळून ठेवलं तर चालेल? — पुन्हा ठाणेकर गृहिणी, वेगळ्या चिठ्ठीत

चालेल. ओव्हन असेल तर ९५ अंशांवर जाळीसकट तासभर ठेवा, झाकू नका. नसेल तर पाहुणे यायच्या तासभर आधी तळायला लागा, उघडं ठेवा आणि कोमट वाढा. दोन तासांच्या वर मात्र बाहेर ठेवू नका. बारा जणांना तीन कोंबड्या लागतील, म्हणजे सहा-सात घाणे. मधे तेल गाळून घ्या, खाली बसलेला मैदा करपतो आणि शेवटचे तुकडे कडवट करतो.

खरं तर दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रिजसमोर उभं राहून खाल्लेल्या गार तंगडीची सर कशालाच नाही. पण तुमचा दुसरा दिवस म्हणजे श्रावण. तेव्हा चौथी कोंबडी आणू नका.